‘बाजीराव मस्तानी’वर बोलू, पण पिंगा सोडून

खरकटवासला:
परवा एका सद्गृहस्थांची पोस्ट वाचली आणि हातातला चहा गार झाला. सारांश असा: ‘बाजीराव मस्तानी’ येऊन दहा वर्षं झाली तरी मराठी माणूस अजून पाय आपटतोय. ओरडणाऱ्यांपैकी कुणी मूळ कादंबरी ‘राऊ’ उघडूनही पाहिलेली नाही. भन्साळी नसता तर बाजीराव म्हणजे पुण्यातला एक तुंबलेला रस्ता एवढीच ओळख उरली असती. तेव्हा उपकार माना आणि गप्प बसा.

उपकार मानले. गप्प बसणं जमणार नाही.

‘राऊ’ मी वाचली आहे. वडिलांची प्रत, १९७२ची, पुठ्ठा सुटलेला, मधली सोळा पानं बाइंडरनं मागेपुढे शिवलेली. त्यामुळे पहिल्या वाचनात काही गोष्टी आधी घडल्या आणि त्यांची कारणं मला नंतर कळली. असो. ना. सं. इनामदारांनी नाव काय ठेवलं ते बघा. राऊ. ही घरातली हाक आहे. माणूस एक आणि हाका चार दिशांनी. सिनेमाचं नाव काय? जोडीचं, लग्नाच्या हॉलबाहेर फुलांनी लिहितात तसं. माझ्या मते पाटी बदलली तिथेच दुकान बदललं.

माझी तक्रार नाचाची नाहीच. माझी तक्रार घोड्याची आहे. १७२० ते १७४० अशी वीस वर्षं हा माणूस पेशवा होता आणि त्यातली बरीचशी खोगिरावर गेली. डोक्यावर कर्ज एवढं की गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रात लिहितो, सावकारांच्या न् शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली. असं लिहिणाऱ्याला सिनेमात कुठे उभा केलाय? आरशांच्या महालात! शनिवारवाड्याच्या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला, आईला घाबरणारा, मोहिमेवरून घरी परतायला नको वाटणारा तिशीतला माणूस प्रेमात आहे, ही केवढी गोष्ट हाताशी होती. त्या जागी आम्हाला मिळाला चकचकीत टक्कल करून ‘वाट लावली’वर नाचणारा सेनापती. आमच्या सोसायटीच्या मिरवणुकीत दर वर्षी गणपतीपुढे ते गाणं लागतं. माझा नातू, वय सहा, विचारतो की बाजीराव लढाई जिंकल्यावर नाचायचा की नाचल्यावर जिंकायचा.

धाग्याला अट एकच. पिंगा, म्हणजे बाजीरावाची बायको काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात ते गाणं, काढायचा नाही. त्यावर २०१५ साली बोलून झालंय.

नाशिकची_मिसळ:
पिंगा नाही काढला तर पुणेकरांकडे बोलायला उरतं काय? २०१५च्या डिसेंबरात तुमच्याच गावात पहिल्या दिवशी खेळ बंद पाडले ते काय घोड्यासाठी होतं का? मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. अठरा तारखेची तिकिटं, ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून गेले, तर थिएटरबाहेर घोषणा चालू आणि दारावर पोलीस. घोषणा देणाऱ्यातल्या एकाला विचारलं, काका, कादंबरी वाचली का? म्हणाले, वाचायची गरज नाही, आम्हाला माहिती आहे. तेव्हा त्या पोस्टवाल्यानं काही चुकीचं लिहिलेलं नाही.

आणि कर्ज, सावकार, खोगीर हे सगळं घालून सिनेमा काढला असता तर तुम्ही आणि तुमचे दोन मित्र सोडून कोण गेलं असतं? कादंबरीवरून सिनेमा करायचा म्हणजे पानं मोजून फोटो काढायचे असं नसतं. राधाबाई, म्हणजे बाजीरावाची आई, मस्तानीला घुंगरू देतात तो प्रसंग घ्या. एक शब्द जास्तीचा नाही आणि घरातल्या बाईनं घरातल्या बाईला कसं मारायचं ते सगळं त्यात आलंय. तन्वी आझमीला त्याच कामाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पालखेडची लढाई दाखवून हे होणार होतं? आमच्या नाशिकजवळ झाली म्हणून मला अभिमान आहे, पण तरी विचारते.

बखरबहाद्दर:
पालखेड नाशिकजवळ नव्हे. तुम्ही म्हणताय ते धरणाचं पालखेड. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात. फेब्रुवारी १७२८. निजामाला पाण्यावाचून कोंडला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीनं आपल्या युद्धाच्या इतिहासात या मोहिमेची तारीफ केली आहे.

सिनेमाबद्दल: मोगल सरदार बंगशानं बुंदेलखंडच्या छत्रसालाला, म्हणजे मस्तानीच्या वडिलांना घेरलं आणि बाजीराव मदतीला गेला ते १७२९. मदतीची हाक आली ती पत्रातून, गजेंद्राची उपमा असलेला तो प्रसिद्ध दोहा त्यातलाच. मस्तानी स्वतः चिलखत घालून छावणीत घुसली हे पटकथेतलं. काशीबाईंना पायाचं दुखणं होतं. ज्या बाईला चालायला त्रास तिला नाचवलीत. एवढंच म्हणणं आहे.

खरकटवासला:
तुम्हीसुद्धा? अट वाचली का?

बखरबहाद्दर:
मी पिंगा हा शब्द वापरलेला नाही.

सोवळ्यातली_आजी:
अट घालणाऱ्यांनी घालावी, मी वय वर्षं ७१, मला कुणी अटी घालत नाही. नाचल्या त्याचं मला काही नाही. पिंगा मंगळागौरीचा खेळ आहे, आम्ही रात्र रात्र घातलाय, सवती असल्या तरी घातला असता. मला राग आहे तो नेसण्याचा. ते लुगडं होतं का? बेंबीच्या खाली चार बोटं, निऱ्या कुठल्या कुठे, ओच्याचा पत्ता नाही. माझी आई रोज नऊवारी नेसून विहिरीवरून पाणी आणायची, तुळशीला घालायची, म्हैस पिळायची. परकर नाही, पिन नाही. कमरेला गाठ बसली की दिवसभर हलायची नाही. ओच्यात चार पेरू आणि कनवटीला चार आणे घेऊन बाजार करून यायची.

आणि त्या सिनेमापासून ही शिवलेल्या नऊवारीची साथ आली. लग्नात बघावं तर सगळ्या पोरी पायजमा चढवावा तशी नऊवारी चढवतात. वर नाव काय, तर ‘मस्तानी पॅटर्न’! मागे चेन. अहो, नऊवारीला चेन!

ओचा_पदर:
आजी नमस्कार. मी डोंबिवलीला शिवलेल्या नऊवारीचंच काम करते, बारा वर्षं झाली. म्हणजे सिनेमाच्या आधीपासून. तेव्हा साथ सिनेमामुळे आली नाही, सिनेमानं फक्त नाव दिलं. आधी गिऱ्हाईक ‘ब्राह्मणी’ नाहीतर ‘पेशवाई’ म्हणायचं, २०१६च्या लग्नसराईपासून ‘मस्तानी’ म्हणायला लागलं. खरं सांगू? मस्तानीत आणि पेशवाईत पदराची एक चुणी सोडून काही फरक नाही. दोनशे रुपये जास्त घेते.

चेन मी लावत नाही. नाडी आणि हूक. चेन लावणारे वेगळे.

सोवळ्यातली_आजी:
म्हणजे पैठणीला कात्री लावणारी तू!

ओचा_पदर:
गिऱ्हाइकानं दिली तर लावते. आधी तीनदा विचारते. नवी साडी आणा, सेमी पैठणी आणा असं सांगते. तरी एकीनं आजेसासूची पैठणी आणून दिली. काठ एवढा भक्कम की सुई मोडली. तिला म्हटलं, बाई, घरी एकदा विचारून या. ती म्हणाली, घरात कुणालाच नेसवता येत नाही, पेटीत कसर खातेय, त्यापेक्षा माझ्या अंगावर फाटू दे. आता मी काय करायचं होतं?

सोवळ्यातली_आजी:
नेसायला शिकवायचं होतं! वीस मिनिटांचं काम आहे.

ओचा_पदर:
आजी, सकाळी सहा चौदाचा मुहूर्त, ब्यूटिशियन साडेतीनला येणार, नवरीच्या दोन बहिणी, तीन मैत्रिणी, एक वन्सं. प्रत्येकी वीस मिनिटं. करा हिशोब.

खरकटवासला:
मी बाजीरावाच्या कर्जाबद्दल लिहिलं होतं.

नाशिकची_मिसळ:
आजींचं पटत नाही पण आजी आवडल्या.

गाठ_मार_निऱ्या_काढ:
ओचा ताई, शिवलेल्या नऊवारीत बाथरूमला जाता येतं का? प्रामाणिक प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न.

ओचा_पदर:
शिवलेल्यात येतं. नेसलेल्यात आजींना विचारा.

सोवळ्यातली_आजी:
नेसलेल्यात जास्त सोपं असतं. काष्टा बायकांनी उगाच शोधून काढला का? पुढचं जाहीर लिहिणार नाही.

इंदुरी_मराठी:
वाह. मोठा माणूस कुठे गेला आणि तुमची चर्चा कुठे गेली. आम्ही इंदूरवाले, सात पिढ्या इथे. पुण्यातून कुणी आलं की आमच्या मराठीला हसतात, ‘मी येऊन राहिलो’ म्हटलं की डोळे मिचकावतात, म्हणून सहसा इथे लिहीत नाही. पण सांगतो.

बाजीराव गेले ते रावेरखेडीला. खरगोन जिल्हा, सनावदहून आत जायचं, नर्मदेच्या काठावर. २८ एप्रिल १७४०. मी दर वर्षी त्या दिवशी जायचा प्रयत्न करतो. एप्रिलचं निमाडचं ऊन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही, दगडावर हात ठेववत नाही. मोठं आवार, चौथरा, आत पिंड, आणि खाली रेवा. एकदा भर दुपारी पोचलो तर तिथे एक गुराखी आणि त्याच्या शेळ्या, बस. सावलीला आम्ही सगळे एकाच भिंतीला टेकून. पुण्याची एक गाडी आली, लोक उतरले, फोटो काढले, आणि एका बाईंनी विचारलं, इथे मस्तानीचं काही नाहीये का?

तर भन्साळीनं शेवटी तो तापात नदीत उतरून हवेशी लढतो ते दाखवलं. तुम्ही हसला असाल. मी नाही हसलो. तो काठ, तो उन्हाळा मी अंगावर घेतलाय, त्या उन्हात माणसाला फौजा दिसू शकतात. सिनेमात एवढी एक गोष्ट मला खरी वाटली.

खरकटवासला:
हे मान्य करतो. शेवट मलाही लागला होता. मोठ्यानं म्हणणार नाही.

बखरबहाद्दर:
रावेरखेडीचं बांधकाम शिंद्यांनी केलं. बाकी ठीक. फक्त ‘सात पिढ्या’ जपून म्हणा, पुरावा मागतील.

इंदुरी_मराठी:
हेच. याचसाठी मी लिहीत नाही.

पाबळचा:
नमस्कार मंडळी. रावेरखेडी झालं, आता आमचं बी ऐका. मस्तानी आमच्या पाबळात आहे. शिरूर तालुका. बाजीराव गेले त्याच वर्षी ती गेली. कशी गेली त्यावर तुमी भांडा, आमी नाय भांडत.

पिच्चर यायच्या आधी तिकडं कोण फिरकायचं नाय. साधी कबर, चार भिंती, झाड. आमी पोरं तिथं क्रिकेट खेळायचो, बॉल आत गेला तर चपला काढून आत जायचं, असं आजीनं बजावलेलं. आजी तिला ‘बाई’च म्हणायची. बाईला पाय लागंल. कोण हिंदू कोण मुसलमान असलं कधी डोस्क्यात नव्हतं, गावातले दोन्हीकडचे लोक दिवा लावायचे.

पिच्चर आला आन् पुण्यामुंबईच्या गाड्या सुरू झाल्या. एक जण मला म्हणला, दादा, महाल कुठंय? म्हणलं कसला महाल. म्हणला, तो आरशाचा. म्हणलं आरसा पायजे तर आमच्या सलूनात हाये. मुकाट गेला बिचारा. पर एक सांगतो, पिच्चरनी आमच्या कबरीचं वाईट नाय केलं. पोरींना, आमच्या गावच्या पोरींना, पयल्यांदा कळलं की ही कोण होती. माझी भाची पाचवीत, निबंध लिवला तिनं.

महालच बघायचा तर तुमच्या पुण्यातच केळकर म्युझियममदी मस्तानी महाल हाये ना, कोथरूडहून आणून जोडलेला. तिथं जावा.

भिवंडीची_शमा:
पाबळकर दादा, चपला काढून जाण्याबद्दल तुमच्या आजीला सलाम.

मला घोड्याचं, काष्ट्याचं काही नाही. मी कोकणी मुसलमान, घरात मराठीच. कॉलेजात गॅदरिंगला ‘ऐतिहासिक’ काही बसवायचं ठरलं की सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. शमा, तू मस्तानी! तीन वर्षं मस्तानी. तिसऱ्या वर्षी म्हटलं, मला काशीबाई करू द्या, माझी उंची पण बसते. बाई हसल्या. म्हणाल्या, अगं लोकांना कसं वाटेल? मग एका कुलकर्ण्यांच्या मुलीला काशीबाई दिली, तिला संवाद पाठ होईनात. मीच विंगेतून सांगत होते. काशीबाईचे संवाद मस्तानीच्या पोशाखात.

सिनेमा बघताना तेच आठवत होतं. मस्तानीला किती सुंदर केलीय, पण फ्रेममध्ये आली की दिवे वेगळे, रंग वेगळा, भाषा वेगळी. घरात कधी येतच नाही. सतत पाहुणी. तुम्ही म्हणता बाजीरावाचा घोडा गेला. मला वाटतं मस्तानीचं मूल गेलं. शमशेर बहाद्दर. ज्याच्या मुंजीला नाही म्हणाले, तो पोरगा सत्ताविशीत पानिपतावर जखमी होऊन गेला, पेशव्यांच्या बाजूनं लढून. यावर सिनेमा काढा की कुणीतरी.

बखरबहाद्दर:
बाईंचा मुद्दा योग्य. मस्तानीला प्रणामी, म्हणजे एका कृष्णभक्त पंथाची मानणारेही आहेत, एकदम मुसलमान म्हणणं घाईचं आहे. मात्र भावना बाजूला ठेवून पुराव्यानं बोललं तर चर्चा पुढे जाईल. इथे सगळे आपापल्या घरचं सांगत बसलेत.

नाशिकची_मिसळ:
आपापल्या घरचं? बरं, मग मीही सांगते, आणि तुम्ही पुरावे मागा.

माझं लग्न जातीबाहेरचं. सासरी सहा वर्षं माझा कप वेगळा होता. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. कुणी काही बोलायचं नाही, पण चहा त्याच कपात, आणि धुऊन पालथा घालायचा तो खिडकीत, मांडणीत नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. ताप आला तर रात्रभर उशाशी बसायच्या. कप मात्र वेगळा.

पहिल्या दिवशीचा खेळ बुडाला म्हणून आठवड्यानं परत तिकिटं काढली, सासूबाईंना घेऊन गेले. घुंगरांचा तो प्रसंग आला. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. वाटलं, आता काहीतरी होईल. मध्यंतरात म्हणाल्या, ‘ती तन्वी टकलातसुद्धा काय देखणी दिसते गं.’ आणि वडापाव मागितला. बस. काही झालं नाही. दोन महिन्यांनी तो कप मोलकरणीच्या हातून फुटला आणि मग मला सगळ्यांसारखा स्टीलचा पेला मिळाला, कारण नवा कप आणायला कुणी गेलं नाही.

तर मला तो सिनेमा आवडतो. पुराव्यानिशी सांगा का आवडू नये.

सोवळ्यातली_आजी:
निळ्या फुलांचा कप आमच्याकडेही होता. कुणासाठी ते नाही सांगत. मला फार वेळ लागला गं.

बखरबहाद्दर:
मी व्यक्तिगत कुणाला बोललो नव्हतो. सिनेमा आवडण्याबद्दल आक्षेप नाही, ‘इतिहास’ म्हणण्याबद्दल आहे.

नाशिकची_मिसळ:
इतिहास कोण म्हणालं? सुरुवातीलाच पाटी आहे कादंबरीवर आधारित अशी. तुम्ही भांडताय कुणाशी? पाटी न वाचता आत शिरायचं आणि मग देवळात चप्पल हरवली म्हणून बोंबलायचं.

खरकटवासला:
ती पाटी हाच तर माझा मूळ राग आहे! पाटी लावली की सुटले. इतिहासवाल्यांना सांगायचं, अहो ही कादंबरी आहे. कादंबरीवाल्यांना सांगायचं, अहो हा सिनेमा आहे. दोन्ही दारांनी बाहेर. इनामदारांनी पेशवाईत आयुष्य घातलं. झेप, झुंज, मंत्रावेगळा, राऊ. ज्यांना इतिहासानं खाली बसवलं, त्रिंबकजी डेंगळे, दुसरा बाजीराव, त्यांना त्यांनी खुर्ची दिली, आणि हे करताना कागद चाळले, नुसता सेट नाही लावला. कादंबरीत खोटं नसतं असं मी म्हणत नाही. पण ते खोटं घरगुती असतं, चुलीच्या धुरातलं. सिनेमातलं खोटं झुंबरातलं आहे. फरक समजत नसेल तर माझं लिहिणंच वाया.

नाशिकची_मिसळ:
समजला. चांगला आहे. पण मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं, नातू न् मिरवणूक कशाला?

खरकटवासला:
कारण नातवाला काय सांगायचं ते मला सुचलं नाही म्हणून. झालं समाधान?

गाठ_मार_निऱ्या_काढ:
मध्येच विचारते, सॉरी. सहा जणींच्या ‘मस्तानी’ शिवायच्या झाल्या तर किती दिवस आधी साड्या द्यायच्या?

ओचा_पदर:
आठ दिवस. कंबर, सीट, उंची पाठवा. आणि ‘पेशवाई’ म्हणा, दोनशे वाचतील.

सोवळ्यातली_आजी:
डोंबिवलीत कुठे गं तू? माझी लेक कल्याणला असते, दिवाळीत येईन. तुझ्या मुलींना एकदा खरं नेसवून दाखवते, मग कात्री चालव. निदान काय कापतेय ते तरी कळेल.

ओचा_पदर:
या आजी. खरंच या. पैठणी तुमची आणा, सुई माझी जवळही येणार नाही.

उपकार_माना:
नमस्कार. ज्या पोस्टमुळे हे सगळं झालं ती माझी होती. थोडं आगाऊपणे लिहिलं होतं, मान्य. एक कबुली द्यायची आहे. ‘राऊ’ मीही वाचलेली नाही. मागवली आहे आज.

खरकटवासला:
वा. दहा वर्षांत पहिला प्रामाणिक माणूस भेटला.

तसं तर एक माझंही. हा धागा बायकोनं वाचला. कपाटातून एक पिशवी काढून समोर ठेवली. पुतण्याच्या लग्नात ती जे नेसली होती ते मी ‘किती छान, आईसारखं लुगडं नेसलीस’ म्हणून कौतुकानं फोटो काढून सगळ्यांना पाठवलं होतं. मागे नाडी आणि दोन हूक आहेत. पॅटर्नचं नाव विचारायची हिंमत झाली नाही.

ओचा_पदर:
काका, पदराच्या चुण्या मोजा. पाच असतील तर पेशवाई.

खरकटवासला:
सहा आहेत.